दोघींचं एकच पान

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तू शिलाई मशीनवरून उठलीस, स्वयंपाकघरात गेलीस आणि पडलीस. शाळेला सुट्टी होती, मी वरच्या मजल्यावर होते. तुझ्या श्रावणीने हाक मारली. आम्ही तुला रिक्षाने दवाखान्यात नेलं. बारा वाजता डॉक्टरांनी सांगितलं की तू गेलीस. त्यांनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का. मी सांगितलं. ते म्हणाले, मग मुलीची तपासणी करून घ्या. तुझं वय सत्तेचाळीस होतं.

दुपारी तुला घरी आणल्यावर थोरली आत्या तुझ्या उशाशी बसली. तिने चादरीतून तुझा उजवा हात बाहेर काढला आणि करंगळी धरली. ती आपल्या वडिलांची, नानांची करंगळी. शेवटच्या पेरापाशी आत वळलेली, आत्याच्या हाताला आहे तशीच. आत्या आधी तेलुगूत बोलली आणि मग शेजारच्या बायकांना कळावं म्हणून मराठीत म्हणाली, “बापावर गेली बघा. बोट पन त्याचंच, आन जीव पन तसाच गेला.”

बायका रडल्या. मीही रडत होते. पण वीणा, तुझ्याशी खोटं बोलून आता काही मिळायचं नाही, म्हणून लिहिते. त्या घटकेला मला तुझा हेवा वाटला. अंगणात तिरडी बांधत होते आणि मी माझ्या धाकट्या बहिणीच्या मरणाचा हेवा करत होते. तुझ्या मरणालासुद्धा घराणं होतं. नाना, त्यांच्याआधी मोठे काका, त्यांच्याआधी आजोबा. त्या रांगेत तू जाऊन उभी राहिलीस आणि आत्याने तुला ओळखलं. मी जाईन तेव्हा माझा हात चादरीबाहेर काढून कुणी काय म्हणेल?

हा हेवा आजचा नाही, हे तुला ठाऊक होतं. मला वाटतं, तू लहान होतीस तेव्हापासून ठाऊक होतं.

नानांनी आणि अम्माने मला संस्थेतून आणलं तेव्हा मी अकरा महिन्यांची होते. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मी आले, आणि पुढे तीन वर्षांनी तू झालीस. गल्लीतल्या बायका मला मांडीवर घेऊन म्हणायच्या, पोरगी पायगुणाची निघाली. हे मला कौतुक वाटायचं. शब्दाचा अर्थ कळायच्या वयात आल्यावर लक्षात आलं की या घरात मी पायगुण होते आणि मूल तू होतीस.

अम्माने कधी डावं-उजवं केलं नाही. एकाच ताग्यातून दोघींचे फ्रॉक शिवले जायचे, आंब्याच्या फोडी मोजून मिळायच्या. त्यामुळे माझ्या हेव्याला त्या घरात बसायला जागाच नव्हती. वाईट वागवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी पुस्तकं घेऊन जिन्यात बसायला लागले, आणि अम्मा सगळ्यांना सांगायची, थोरलीला वाचायचा लई नाद.

पुढे स्थळं आली. रक्त कुणाचं, असं विचारून दोन परत गेली. तिसरं मी येऊच दिलं नाही. तुला पहिल्याच स्थळाने पसंत केलं, आणि नवऱ्याची नोकरी भिवंडीला गेली तशी तू श्रावणीला घेऊन पुन्हा याच घरात खालच्या मजल्यावर राहायला आलीस. माहेर कायमचं मिळालं, म्हणून तू हसायचीस. मी माहेर सोडलंच नव्हतं, पण ते माझं आहे असं मी तुझ्याइतक्या सहज कधी म्हणू शकले नाही.

आता त्या वहीबद्दल. तुझ्या मशीनच्या खणातून ती मी काढून आणली आहे आणि हे लिहिताना समोर आहे.

अम्माची शाळा चौथीपर्यंत झाली होती, पण दवाखान्याची वही तिने जन्मभर लिहिली. लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची. आतल्या पानांवर आपले ताप, गोवर, टॉन्सिल, तू जिन्यावरून पडून पाडलेला दात. आणि पहिल्या पानावर शीर्षक, ‘मुलींसाठी’. त्याखाली तिच्या गोल अक्षरात: नानांकडे हार्ट. माझ्याकडे साखर. दमा नाही. फिट नाही. डोळे सगळ्यांचे चांगले. कुठल्याही डॉक्टरांनी ‘घरात कुणाला काही?’ असं विचारलं की अम्मा तोंडाने काही बोलायची नाही. वही उघडून टेबलावर ठेवायची. पेशंट तू असलीस तरी तेच पान, मी असले तरी तेच.

एकोणीस वर्षांची असताना मी एकदाच बोलले होते. तू तेव्हा शाळेत होतीस. “अम्मा, हे पान माझं नाही.”

“मग कुनाचं?”

“वीणाचं.”

अम्माने वही मिटली. “एका ताटात जेवता. एका पानावर बसायला काय हुतंय गं तुला?”

मला काही होत नव्हतं. खरं तर मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा विषय काढला नाही. नाना एक्कावन्नाव्या वर्षी कारखान्यात मागाजवळ कोसळले, तेव्हा अम्माने त्या पानावर त्यांचं वय लिहिलं. पुढच्या वर्षापासून जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली की आपली वरात ईसीजीला. तू वीस वर्षांची, मी चोवीसची. पलंगावर आडवं होऊन छातीला ती गार बटणं लावून घेताना मला काय वाटायचं ते तुला कधी सांगितलं नाही. नानांचा आजार मलाही असू शकतो असं ते यंत्र मानत होतं. तेवढ्या दोन मिनिटांपुरती मी त्यांची मुलगी असायचे. कागदावर ‘नॉर्मल’ येई, आणि सगळे हुश्श करत असताना मला आत कुठेतरी पडल्यासारखं व्हायचं.

अम्मा गेल्यावर वही तुझ्याकडे आली. थोरली मी, पण वही तुझ्याकडे. तेव्हाही लागलं होतं. हेही आत्ताच सांगते.

सहा वर्षांपूर्वी मला वाचताना अक्षरं पुसट दिसायला लागली. शाळेच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईला हे परवडणारं नव्हतं. तू माझ्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आलीस. त्यांनी फॉर्म भरता भरता विचारलं, “घरात कुणाला काचबिंदू?” मी तोंड उघडण्याआधी तू बोललीस.

“छे हो डॉक्टर! आमच्या घरात डोळे एकदम फर्स्ट क्लास. आमची आजी पंच्याऐंशीची होती तरी सुईत दोरा ओवायची. मी बघा, ब्लाउज शिवते, अजून चष्मा न्हाई.”

डॉक्टर हसले, रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि मला वाचायच्या चष्म्याचा नंबर दिला. डोळ्यांचा दाब सवडीने एकदा तपासून घ्या म्हणाले, घाई नाही. मी सवड काढली नाही. आमच्या घरात डोळे फर्स्ट क्लास होते ना.

गेल्या वर्षी मी कपाटाच्या उघड्या दाराला उजवीकडून तीनदा धडकले. दुसरे डॉक्टर, मोठी यंत्रं, अंधारात लुकलुकणारे ठिपके आणि हातात बटण. उजव्या डोळ्याच्या कडेची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. उरलेली औषधाने राखता येईल. ते डॉक्टर म्हणाले, “नात्यात काचबिंदू असला तर चाळिशीपासून आम्ही दरवर्षी दाब बघतो. तुमच्या घरात कुणाला?”

वही तुझ्या मांडीवर होती.

मग रिक्षात आपण भांडलो. घरात बोलणं तेलुगूत, पण भांडण आपलं कायम मराठीत, कारण ते आपण शाळेत शिकलो.

“तू कशाला उत्तर दिलंस माझ्या वतीने?” मी म्हणाले. “तुझी आजी सुईत दोरा ओवायची. माझ्या आजीचं तुला काय माहीत?”

“मग तू का गप्प बसलीस? तोंड होतं की तुला!”

“तू बोलू देतेस का कुणाला?”

“हां, सगळं माझ्यावरच ढकल आता.”

“तुला काय कळणार! तुझं सगळं लिहून ठेवलंय पहिल्या पानावर.”

“लिहून ठेवलंय म्हणूनच जीव जातोय माझा!” तू एवढ्या मोठ्याने ओरडलीस की रिक्षावाल्याने मान वळवली. “ताई, हितंच उतरून भांडता का? फुडं वन-वे हाय.” पण तू थांबली नाहीस. “पंचेचाळीस, एकोणपन्नास, एक्कावन्न. मी वाढदिवस करत न्हाई अक्का, मी आकडे मोजते. तुझं पान कोरं हाय. तुला काही होईल, न होईल. किती मोकळी हाईस तू, कळतंय का तुला?”

मला तेव्हा संताप आला. माझ्या कोऱ्या पानाचा कुणी हेवा करू शकतं हे मला अपमानासारखं वाटलं. आपण घरी आलो, तू चहा टाकलास, साखर जास्त पडली, आणि आपण तो विषय पुन्हा काढला नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही. मी का गप्प बसले? आता देते. तू ‘आमच्या घरात’ म्हणालीस आणि त्यात मी होते. ते दुरुस्त करायला मला ओठ हलवावे लागले असते. माझे ओठ हलले नाहीत. एका शब्दात राहायला मिळावं म्हणून मी अर्धा डोळा दिला, आणि वर्षभर दोष तुला देत राहिले.

भांडणानंतर आठवड्याभराने तूच म्हणालीस, चल, संस्थेत जाऊन विचारू. मला जायचं नव्हतं. तू रजेचा अर्जसुद्धा माझ्यासाठी लिहून आणलास. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी जुनी फाइल काढली. आईचं नाव-गाव सांगता येत नाही म्हणाल्या, तिला तसं वचन दिलेलं असतं, पण प्रकृतीबद्दल जे लिहिलंय ते वाचून दाखवते. आपण दोघी पुढे सरकून बसलो. बाईंनी वाचलं, “माता, वय एकोणीस. प्रकृती चांगली.”

“फुडं?” तू म्हणालीस.

“एवढंच आहे.”

“अहो बाई, एकोणीस वर्षांच्या पोरीची प्रकृती चांगलीच असणार की! नंतर काय झालं तिला? तिच्या आईला काय होतं? डोळ्यांचं काय?”

“नोंद त्या दिवसापुरती असते, ताई.”

तू रडायला लागलीस. बाईंनी पाण्याचा पेला तुझ्यापुढे सरकवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “मला समजतं. तुमच्या जन्मदात्या आईवर राग धरू नका.” त्यांनी दत्तक मुलगी म्हणून तुला धरलं होतं! मी शेजारी कोरड्या डोळ्यांनी बसले होते. बाहेर आल्यावर तू रस्त्यात पोट धरून हसलीस. “अक्का, बघ की, मीच शोभते!” मीही हसले. पण वीणा, तिथेही मला हेवा वाटला. माझं दुःखसुद्धा तुझ्या चेहऱ्यावर जास्त खरं दिसत होतं.

निघायच्या आधी तू बाईंकडून एक कोरा अर्ज मागून घेतला होतास. माझ्या जन्मदात्या आईचा शोध लागला आणि तिने परवानगी दिली, तर फक्त एक प्रश्न विचारायचा: घरात कुणाला डोळ्यांचा आजार? दुसरं काही नको, तिला त्रास नको. अर्ज तू लिहिलास, खाली सही मी केली. दर महिन्याच्या एक तारखेला तू संस्थेला फोन करायचीस.

तू गेल्यानंतर दहा दिवसांनी मी वही पहिल्यांदा एकटीने, सलग वाचली. अम्माच्या अक्षरापाठोपाठ तुझं तिरकं, घाईचं अक्षर. त्यात दर यात्रेनंतरच्या ईसीजीच्या नोंदी आहेत. अक्का, नॉर्मल. अक्का, नॉर्मल. तुझी नोंद शोधत मी पानं उलटत गेले. गेल्या आठ वर्षांत तुझी नोंद दोनदाच आहे. बाकीच्या वर्षी माझ्या नावाखाली तू लिहिलंयस, ‘मी पण ठीकच असणार. एकच घर, एकच तेल.’

हे तू तोंडानेही म्हणायचीस. मला पलंगावर ढकलून बाहेर मासिक चाळत बसायचीस, आणि मी कागद घेऊन आले की टाळी द्यायचीस. “तुझा नॉर्मल, म्हणजे माझा नॉर्मल. दोघींचं एकदम झालं.” मला वाटायचं तू थट्टा करतेस. त्या आकड्यांची एवढी भीती वाटणारी बाई माझ्या छातीवरच्या कागदात स्वतःची खात्री शोधत होती, हे मला कळलं नाही. कळायला हवं होतं. मीही तुझ्या आजीच्या सुईवर विसंबून बसले होते.

अम्माने आपल्याला एका पानावर बसवलं ते मायेने. त्या पानावरून तू माझे डोळे चांगले ठरवलेस आणि मी तुझं हृदय. माझा डोळा गेला आणि तू गेलीस. यात कुणाला जास्त मिळालं, याचा हिशेब मांडायची माझी सवय मोडत नाही, पण या वेळी तो मांडताना लाज वाटते.

परवा श्रावणीला घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. तिचे वडील म्हणाले, अक्का, तुम्हीच न्या, मला तिथं उभं राहवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला?” श्रावणीने माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडली नाही. मला पाठ आहे. आजोबा पंचेचाळीस, शेतात. मोठे काका एकोणपन्नास, झोपेत. नाना एक्कावन्न, मागाजवळ. हिची आई सत्तेचाळीस. आत्याला दोन झटके येऊन गेलेले, ऐंशी पार केली, जिवंत. अम्माकडून साखर. डॉक्टर लिहीत होते, आणि मला जाणवलं की हे सगळं आता माझ्याशिवाय कुणालाच धड माहीत नाही. ज्या पानावर माझा हक्क नव्हता ते पान आता माझ्या डोक्यात आहे.

“तुम्ही सख्ख्या मावशी?” डॉक्टर म्हणाले. “मग तुमचंही रक्त तपासून टाकू.”

आयुष्यभर मी अशा वेळी हात पुढे केला होता. या वेळी म्हणाले, “मी मावशी आहे, पण दत्तक आहे. माझ्या घरातलं मला माहीत नाही.”

दवाखान्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. डॉक्टरांनी मान हलवली, ‘माहीत नाही’ असं लिहिलं आणि पुढे गेले. एवढंच. पन्नास वर्षं मी ज्याला घाबरले ते दोन शब्दांत मावलं. सहा वर्षांपूर्वी त्या रकान्यात ‘नाही’च्या जागी हेच दोन शब्द असते तर माझी अधिक नीट तपासणी झाली असती.

बाहेर बाकावर श्रावणी रुसून बसली. “दत्तक कशाला सांगितलंस? माझी मावशी आहेस की.”

“मावशी आहे म्हणूनच सांगितलं,” मी म्हणाले. “तुझ्या आईने हेच सांगितलं असतं तर...” आणि थांबले. तुझ्यावर ढकलायची सवय. “मी हे आधीच सांगितलं असतं,” असं ते वाक्य पुरं केलं.

काल रिपोर्ट आला. श्रावणीच्या रक्तात चरबी फार आहे. खाण्यापिण्याने नाही, जन्माचीच. डॉक्टर म्हणाले, हेच घरात चालत आलं असणार, विशीतच आणलंत ते बरं झालं, गोळी घेत राहिली तर म्हातारी होईल. मी ऐकत होते, आणि वीणा, मला पुन्हा तेच झालं. नानांचं रक्त मला ओलांडून तुझ्यात आणि तुझ्यातून तिच्यात गेलं होतं. तिच्या आजाराचाही मला हेवा वाटला. मग तिने माझा हात धरला. तिचीही करंगळी आत वळलेली. मी ती बराच वेळ सोडली नाही.

घरी येऊन पहिल्या पानावर ‘मुलींसाठी’च्या पुढे मी तुझं आणि श्रावणीचं नाव लिहिलं. मग एक कोरं पान काढून वर माझं नाव घातलं. खाली लिहिलं: माहीत नाही. त्याखाली: काचबिंदू, माझ्यापासून.

तुझी मशीन श्रावणीने झाकून ठेवली आहे. उजव्या डोळ्याने मला पानाचा मधला भाग दिसतो, कडा दिसत नाहीत. श्रावणी रोज जेवल्यावर गोळी घेते आणि मला पाकिटातली रिकामी झालेली जागा दाखवते. संस्थेचं उत्तर आलेलं नाही. एक तारखेला फोन आता मी करते.